मशीनने नाही म्हटलं, तर माणसाने कुणाकडे जायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्यात बियाणं, खतं आणि कीटकनाशकांची वितरण कंपनी. सत्तरेक कर्मचारी, गोदामावर ठेकेदाराचे हमाल वेगळे. यंदा डीलर आणि शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप काढलं, चेहरा बघून लागणारी हजेरी बसवली, फिरतीवरच्या पोरांच्या मोबाइलमध्ये लोकेशन अ‍ॅप टाकलं. आता उधारीची मर्यादा ठरवणारं सॉफ्टवेअर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पीकसल्ला देणारा चॅटबॉट घ्यायचाय. मालकांचा मुलगा म्हणतो, आधी ‘रिस्पॉन्सिबल टेक पॉलिसी’ करा, म्हणजे तंत्रज्ञान जबाबदारीने वापरण्याचं लेखी धोरण. वडील विचारतात, हे मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे की आपल्यालाही लागू होतं? आणि करायचंच तर सुरुवात कुठून करायची, खर्च किती येईल?

लागू होतं. पण पॉलिसी आधी लिहू नका. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत आणि मोंढ्यातल्या पेढ्यांवर आधी सॉफ्टवेअर बसवण्याचं आणि आता ते तपासण्याचं काम मी करतो. मी पाहिलेल्या बहुतेक पॉलिसी बेंगळुरूच्या कुठल्यातरी कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेल्या होत्या. एकीत तर चौथ्या पानावर मूळ कंपनीचं नाव तसंच राहिलं होतं, आणि खाली सही मालकांची.

मी एकच प्रश्न घेऊन तपासायला बसतो. तुमच्या यंत्राने एखाद्याला ‘नाही’ म्हटलं, तर ते का म्हटलं हे त्याला कळतं का? आणि तो निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला माणूस त्याला त्याच दिवशी गाठता येतो का? तुमच्या पाचही गोष्टी या प्रश्नावर घासून बघू. उधारीच्या सॉफ्टवेअरपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होऊ शकतं आणि ते दिसतही नाही.

हे सॉफ्टवेअर विकणारे सांगतात की ते सातबाऱ्यावरचं क्षेत्र, मागची बिलं, परतफेडीची तारीख आणि गावातली थकबाकी बघून मर्यादा काढतं. ऐकायला चोख वाटतं. आता आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. बटईने करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो. तो दहा एकर कसतो आणि तुमच्याकडून दहा एकराचं सोयाबीन नेतो, पण यंत्राच्या लेखी त्याची जमीन शून्य. नवरा गेल्यावर किंवा नवरा पुण्याला कामाला असताना शेती बघणारी बाई दर हंगामात रोख मोजून जाते, पण बिल फाटतं ते सासऱ्याच्या नावाने. तिच्या नावावर जमीन नाही, व्यवहारही नाही. गावातली थकबाकी धरली तर सलग दोन वर्षं पाऊस हुकलेल्या गावातला चांगला खातेदारसुद्धा वाईट ठरतो. यात कुणी मुद्दाम भेदभाव केलेला नाही. यंत्राने जुन्या कागदांवरून शिकलं आणि कागदांत जे लोक नव्हते त्यांना बाहेर ठेवलं. तुमच्या मुनिमाला मात्र ही माणसं चेहऱ्याने माहीत आहेत. सॉफ्टवेअर आल्यावर मुनिमाचं मत जर ‘सिस्टीम नाही म्हणतेय’ एवढ्यावर थांबणार असेल, तर तुम्ही पैसे मोजून स्वतःची अक्कल गहाण ठेवताय.

म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला सांगा, आमची मागच्या तीन वर्षांची खाती घे, नावं झाकून घे, आणि तुझ्या यंत्राने त्या वेळी कुणाला नकार दिला असता ते दाखव. मग त्या नकारलेल्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्षात पैसे फेडले ते तुमच्या वहीत बघा. बायका वेगळ्या काढा, बटईवाले वेगळे, कोरडवाहू आणि बागायत वेगळे. एखाद्या गटातले फेडणारे लोक यंत्र सर्रास नाकारत असेल तर आकडे समोर येतील. विक्रेता ‘आमचा अल्गोरिदम गोपनीय आहे’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. उसाच्या काट्यावर शेतकरी विश्वास ठेवतो तो वैधमापन विभागाचा शिक्का असतो म्हणून, आणि शंका आली तर गाडी बाहेरच्या काट्यावर चढवता येते म्हणून. ज्या यंत्राला दुसरा काटा लावून बघता येत नाही, त्यावर कुणाच्या पेरणीचा निर्णय सोपवू नये.

घेतलंत तरी पहिला हंगामभर त्याला फक्त सल्ला देऊ द्या. निर्णय माणसाचा, आणि माणसाने यंत्राविरुद्ध निर्णय दिला तर एका ओळीत कारण लिहायचं. हंगाम संपल्यावर कोण बरोबर निघालं ते कळेल.

संगणकावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं याचं माझ्या मते आजवरचं सगळ्यात भयंकर उदाहरण ब्रिटनच्या पोस्टाचं आहे. फुजित्सूने पुरवलेली ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली तिथे १९९९ पासून लागली. तिच्या दोषांमुळे गावोगावच्या पोस्ट चालवणाऱ्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसायची. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना उत्तर मिळायचं की असं फक्त तुमच्याच पोस्टात होतंय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार विकून नसलेली तूट भरली. प्रणालीत दोष होते हे डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलं आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तुमच्या गोदामात स्टॉक कमी दिसला तर पहिला संशय गोदामपालावर जातो की सॉफ्टवेअरवरही जातो? एवढं एकदा आपापसांत बोलून ठेवा.

आता हजेरी. बोटाचा थंब सोडून चेहऱ्यावर गेलात ते एका अर्थी बरं केलंत. पोती उचलणाऱ्या, सिमेंट-खत हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात थंब लागत नाही म्हणून परत जाणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण चेहरा ओळखणारी यंत्रंही सगळ्यांना सारखी ओळखत नाहीत. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या चेहरा बघून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एका टक्क्याच्याही आत होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. तेव्हापासून तंत्र सुधारलंय, तरी पहाटेच्या अंधारात, तोंडाला रुमाल बांधून, अंगावर खताची धूळ घेऊन उभ्या असलेल्या हमालाचा चेहरा तुमच्या गेटवरचं मशीन किती वेळा ओळखतं हे तुम्हीच तिथे उभं राहून बघा. ऑफिसात एसीमध्ये घेतलेला डेमो कामाचा नाही. आणि गेटवर एक साधी वही ठेवा. मशीनने ओळखलं नाही तर वहीत सही, आणि त्या सहीला मशीनइतकीच किंमत. रोजंदारीवरच्या माणसाची हजेरी बुडाली की त्याची मजुरी बुडते, आणि ठेकेदार ‘मशीनमध्ये नाही’ म्हणून हात वर करतो. तो ठेकेदार तुमचा आहे, हमालाने नेमलेला नाही.

लोकेशन अ‍ॅपचं तसंच. भोकरदन-जाफराबादकडे डोंगराच्या कुशीत रेंज जाते आणि अ‍ॅपमध्ये पोरगा दोन तास ‘गायब’ दिसतो. त्यावरून भत्ता कापलेला मी पाहिलाय. डीलरच्या दुकानात चहा पीत बसलेल्याचं लोकेशन मात्र पूर्ण मार्क मिळवतं. म्हणजे तुम्हाला मोजायची होती विक्री, आणि मोजलं जातंय नेटवर्क. अ‍ॅप ठेवायचंच असेल तर कामाच्या वेळेपुरतं चालू ठेवा. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते आपोआप बंद झालं पाहिजे. नोंदी कोण बघतो आणि किती दिवस राहतात हे पोरांना लेखी सांगा. सीसीटीव्हीत आवाज रेकॉर्ड होत असेल तर तो बंद करा, आणि बायकांच्या विश्रांतीच्या खोलीच्या दिशेने तोंड असलेला कॅमेरा आजच फिरवा. याला बैठक लागत नाही.

चॅटबॉटबद्दल मी जरा कडक आहे. २०१७ च्या खरिपात विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तुम्ही कीटकनाशक विकता. तुमचा बॉट गोड मराठीत चुकीची मात्रा किंवा चुकीचं मिश्रण सांगेल, आणि हे बॉट माहीत नसलेलं उत्तरही तेवढ्याच आत्मविश्वासाने देतात. त्यामुळे मात्रा, मिश्रण आणि काढणीपूर्वीचा कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात सोडायचे दिवस) या तीन गोष्टी बॉटने स्वतःच्या डोक्याने बोलायच्याच नाहीत. उत्पादनाच्या मंजूर लेबलवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात जे छापलंय तेच शब्दशः दाखवायचं, लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग सांगायचा (लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा), आणि त्या पिकासाठी लेबलवर शिफारस नसेल तर ‘शिफारस नाही’ म्हणून तुमच्या कृषी पदवीधराचा नंबर द्यायचा. वाण आणि लागवडीचे प्रश्न असतील तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी भरा. निदान त्या आपल्या मातीतल्या आहेत. बॉटमागच्या मोठ्या एआय मॉडेलने इंटरनेटवरून गोळा केलेला सल्ला पंजाबचा आहे की ब्राझीलचा, हे त्यालाही सांगता येत नाही.

बॉट लोकांसमोर सोडण्याआधी आठवडाभर तुमच्याच हमालांना आणि डीलरांना त्याला प्रश्न विचारू द्या, त्यांच्याच बोलीत. ‘कापसावर मावा आलाय, काय मारू?’ असा सरळ प्रश्न तो समजेल. ‘पराटी लाल पडायली, काय करावं?’ (पराटी म्हणजे कापसाचं झाड) हे समजतंय का ते बघा. न समजता उत्तर देत असेल तर तो अजून तयार नाही.

‘बॉट चुकला, आम्ही काय करणार’ हा बचाव चालत नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीचं सांगितलं होतं. बॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे ग्राहक आयोग याहून वेगळं काही म्हणेल असं मला वाटत नाही.

अ‍ॅपवरच्या विक्रीबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. डीएपी खतासोबत दुसरी बाटली गळ्यात मारणं, म्हणजे लिंकिंग, दुकानात जितकं चुकीचं तितकंच अ‍ॅपमध्ये. शेतकऱ्याने न निवडलेली वस्तू आपोआप बिलात येणं, आधीच टिक केलेला विमा, जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘फक्त पाच बॅगा शिल्लक’ अशी खोटी पाटी, या युक्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावं देऊन मनाई केली आहे. एकूण तेरा प्रकार आहेत. अ‍ॅप बनवणारा तुम्हाला त्यांतले चार-पाच ‘फीचर’ म्हणून विकेल.

आता माहितीच्या कायद्याकडे येतो, कारण मुलाची भीती बहुधा तिथली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होताहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तो आकडा दाखवून सल्लागार तुम्हाला घाबरवतील. दंड ठरवताना चुकीचं स्वरूप आणि गांभीर्य बघायचं असतं, त्यामुळे जालन्याच्या वितरकाला कुणी २५० कोटी लावणार नाही. घाबरू नका, पण आवराआवर आत्ताच करा.

आवरायचं काय, तर आधी एका कागदावर लिहा : कुणाची कोणती माहिती आपल्याकडे आहे, कुठे आहे, कशासाठी घेतली होती. तुमच्याकडे हमखास सापडेल ते सांगतो. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे, त्याच आधारचे फोटो तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांत, शिबिरात जमवलेल्या मोबाइल नंबरांची एक्सेल, आणि नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या फोनमध्ये अख्खी डीलर यादी. अनुदानित खत विकताना दुकानदार पॉस मशीनवर आधार पडताळतो, ते सरकारी योजनेपुरतं. त्याचा अर्थ तुम्ही आधारची प्रत जपून ठेवावी असा होत नाही. ओळख पटवायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरतं. बिलांच्या नोंदी जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्याच लागतात. बाकी ज्याचं काम संपलंय ते काढून टाका. नसलेली माहिती चोरीला जात नाही, आणि हे काम जवळपास फुकट होतं.

नवीन माहिती घेताना शेतकऱ्याला सूचना मराठीत द्या. इंग्रजीसोबत आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यावा लागतो, हे कायद्यातच आहे. बारीक अक्षरांची तीन पानं नकोत. असं काहीतरी पुरे : ‘आम्ही तुमचं नाव, मोबाइल, गाव आणि पिकं एवढंच लिहून ठेवतो. बिल आणि पीकसल्ल्यासाठी वापरतो, दुसऱ्याला विकत नाही. सल्ला नको असेल तर याच नंबरवर बंद असं लिहा. तक्रार असेल तर या नंबरवर फोन करा.’ आणि ‘बंद’ लिहिल्यावर खरंच बंद झालं पाहिजे. संमती देणं जितकं सोपं, ती काढून घेणंही तितकंच सोपं असावं असं कायदा म्हणतो. गावात बापाचा फोन शाळकरी पोरगा चालवतो हे लक्षात ठेवा. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई आहे. खातं बापाच्याच नावाने उघडलं जातंय ना, ते पाहा. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नोकरीच्या कामापुरती माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा आहे, पण त्या मुभेत रविवारचं लोकेशन बसत नाही.

अ‍ॅप, हजेरी, बॉट सगळं बाहेरच्यांकडून घेताय, तरी जबाबदारी तुमचीच राहते. करार काहीही म्हणो, कायदा तुम्हालाच विचारतो. म्हणून करारात विक्रेत्याकडून चार गोष्टी लिहून घ्या, त्याला उद्देशून : माहिती आमची राहील. सोडून जाताना ती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल आणि तुमच्याकडून पुसली जाईल. आमच्या शेतकऱ्यांच्या माहितीवर तुमचं मॉडेल शिकवणार नाही. चोरी-गळती झाली तर लगेच कळवाल. शेवटचं यासाठी की सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवायचा नियम २०२२ पासून आहे, आणि नव्या नियमांत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची आहे. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

एक बोचरी गोष्ट विचारतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर परवान्याचं आहे की क्रॅक केलेलं? मोंढ्यात अर्ध्या टेबलांवर काय चालतं ते मला माहीत आहे. क्रॅकमधूनही खंडणीवाले व्हायरस शिरतात, आणि ज्याचं सॉफ्टवेअर चोरीचं आहे त्याने शेतकऱ्याला डेटा जपण्याचं वचन देऊ नये. सपोर्टवाल्याला दिलेला एनीडेस्कचा (लांबून तुमचा संगणक चालवायच्या अ‍ॅपचा) कायमचा पासवर्डही बदला. जुने संगणक भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून नष्ट करा, बाकीचं नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला द्या.

खर्च विचारलात. यादी, साफसफाई, मराठी सूचना, गेटवरची वही, करारातली कलमं यांना मुख्यतः वेळ लागतो. पैसे लागतील ते परवान्यांना, वेगळ्या जागी ठेवायच्या बॅकअपला आणि वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणीला. उधारीचं सॉफ्टवेअर वर्षभर पुढे ढकललंत तर हे सगळं त्यातून भागेल, आणि माझा सल्ला तोच आहे.

आता निर्णय फिरवणारा माणूस कोण? मुलाला नेमू नका. त्याला तंत्राची हौस आहे आणि स्वतः आणलेल्या यंत्राविरुद्ध तो निकाल देणार नाही. आयटीवालाही नको. हिशेबाला किंवा एचआरला असलेली, डीलर जिला नावाने ओळखतात आणि तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकते अशी एखादी जुनी व्यक्ती निवडा. तिचा नंबर अ‍ॅपवर, बिलावर आणि गेटवर लावा. आलेली प्रत्येक तक्रार एका वहीत, निकाल आणि तारखेसह. मेच्या मध्यावर तुम्ही, ती आणि मुलगा असे तिघं ती वही घेऊन बसा आणि त्यावरून हवी असेल तर दोन पानांची पॉलिसी लिहा. जूनवर ढकलू नका. पेरणी लागली की तुमच्याकडे कुणाला फोन उचलायलाही सवड नसते.